विषम तारखेची उदबत्ती

वेनहाय भाऊजी सकाळच्या पहिल्या विमानानं तैवानातल्या तायचुंगहून किनमेन बेटावर येणार, हे यानपिंगला ठाऊक होतं. ते खोकं घेऊन येतील हे मात्र तिला कोणी सांगितलं नव्हतं.

ओहोटी साधून ती लवकरच समुद्रात उतरली होती. दगडी खांबांवरची कालवं खरवडून काढली, बोटी अडवायला लष्करानं रोवलेल्या गंजक्या लोखंडी दांड्यांमधून वाट काढत परतली, टोपली नळापाशी टेकवली आणि गमबुटातलं पाणी ओतता ओतता दारातून आत पाहिलं. पितरांच्या नावांच्या लाकडी पाट्यांसमोर जमिनीवर एक पांढरं थर्माकोलचं खोकं होतं. मासळी पाठवतात तसलं. आत जाड स्पंज, आणि स्पंजात मधोमध नीट गोल खड्डा कापलेला. पितरांच्या उदबत्त्यांचं पितळी भांडं त्यात अगदी बेताचं बसलं असतं.

"आलीस का गं?" नणंद लीचू आतून ओरडली. ती गावातल्या शेंगदाण्याच्या वड्यांच्या दुकानातून सुटी घेऊन आली होती आणि आल्या आल्या रताळ्याचं पीठ कालवायला बसली होती. "बघ, तुझे दीर पितरांना न्यायला आलेत. विमानानं! मी म्हटलं, खिडकीजवळची जागा घेतलीस ना रे दादा? तेवढाच त्यांना समुद्र दिसेल."

"लीचू, प्रत्येक गोष्टीची थट्टा बरी नव्हे," वेनहाय म्हणाले. शर्टाच्या बाह्या दुमडून ते भिंतीला टेकून उभे होते. यानपिंगकडे बघणं त्यांनी टाळलं. "बाबांना नेतोय, राखेचं भांडं आणि सगळ्या पाट्याही. तीनच्या विमानाची दोन तिकिटं आहेत."

"आजच?" यानपिंगनं विचारलं.

"आजच. बोटी गेले तीन दिवस बंद आहेत. उद्या विमानंही बंद होतील."

समुद्रावरून लांबचा गडगडाट आला आणि खिडकीची काच थरथरली. पलीकडच्या मुख्यभूमीच्या लढाऊ विमानांचा होता तो आवाज; आता कोणी मान वळवूनही बघत नसे. यानपिंगचं लक्ष त्या गोल खड्ड्यावरून हलेना. बावीस वर्षं ती त्या भांड्यापुढे सकाळ-संध्याकाळ उभी राहिली होती. दर वर्षअखेरीला राख चाळून, भांडं घासून, तीच राख पुन्हा भरत आली होती. भांडं जिथं, घर तिथं. ते गेलं की मागं उरणार चार भिंती, आणि त्यात ती आणि तिचा नवरा. पण ती एवढंच म्हणाली, "आधी स्वयंपाक तर होऊ द्या. काकांची तिथी आहे."

चांद्र पंचांगातल्या आठव्या महिन्याची चोवीस. थोरल्या काकांची तिथी.

थोरले काका, म्हणजे सासऱ्यांचे सख्खे भाऊ चिनथू, या घराची सगळ्यात मोठी चूक. एकोणपन्नास साली, सतरा वर्षांचा पोरगा याच तिथीला दोन टोपल्या कालवं घेऊन समोर मुख्यभूमीवर शियामेनला विकायला गेला. अर्ध्या दिवसाचं काम. दोन दिवसांनी तिकडे कम्युनिस्टांचं राज्य आलं, मधला समुद्र बंद झाला, तो अर्धा दिवस बावन्न वर्षं संपला नाही. अठ्ठावन सालच्या लढाईत, बेटावर गोळे पडत असताना, त्यांच्या आईनं तो मेला असं ठरवून टाकलं. निघाला तीच तिथी मरणाची धरली, लाकडाची पाटी केली, दरवर्षी जेवण मांडायला सुरुवात केली. मग एके दिवशी हाँगकाँगच्या कोणाकडून पत्र आलं. चिनथू जिवंत, बायको आहे, सायकलदुरुस्तीचं दुकान आहे! घरानं बत्तीस वर्षं जित्या माणसाला श्राद्धाचं जेवण वाढलं होतं.

बोटी सुरू झाल्यावर ते आले, तेही नेमके आपल्याच तिथीला. पाटीवरचं स्वतःचं नाव वाचून पोट धरधरून हसले, पुढ्यातलं मांडलेलं ताट ओढलं आणि तळलेल्या कालवांचा शेवटचा तुकडाही सोडला नाही. पाटी जाळू या म्हटल्यावर मात्र नको म्हणाले. "असू दे. आज ना उद्या लागणारच आहे." पुढच्या खेपेला त्यांनीच आपल्या तिकडच्या शेजारघरची मुलगी पुतण्याला, वेनशानला, दाखवली. ती यानपिंग. काका तिकडेच वारले तेव्हा पाटी तयार होती; फक्त तिथी बदलायचं कोणाच्या मनात आलं नाही.

आणि त्या पाटीचा एक नियम होता. बाकी पितरांना उदबत्ती रोज. काकांच्या पाटीपुढे वेगळा डबा, दुधाच्या पावडरीचा, राखेनं भरलेला. त्यात उदबत्ती फक्त सम तारखेला. विषम तारखेला नाही. एकतीसनंतर एक तारीख आली की बिचाऱ्यांचा सलग दोन दिवस उपास. तिथी विषम तारखेला पडली तर जेवण मांडायचं, उदबत्ती नाही. लग्न होऊन आल्यावर यानपिंगनं सासूला कारण विचारलं होतं. "तसंच असतं," सासू म्हणाली होती. असेल, म्हणून ती तसंच करत आली.

भिंतीवरच्या फाडायच्या कॅलेंडरवर आज इंग्रजी तारीख पंधरा होती.

कालवं फोडता फोडता तिनं सासऱ्यांकडे पाहिलं. चिनश्वी म्हातारबा पंचाऐंशीचे. वेताच्या खुर्चीत बसून ते अळकुड्या सोलत होते. कानातलं यंत्र काढून त्यांनी शेजारच्या बशीत ठेवलं होतं. थोरला लेक आला की ते यंत्र हटकून बशीत जायचं.

"दादा, दर वेळी तू हेच म्हणतोस," लीचू तेलात पहिला घाणा सोडत म्हणाली. "या वेळी खरंच युद्ध होणार, या वेळी खरंच होणार. मी शाळेत होते तेव्हापासून ऐकतेय. चेंडू धरून कोणी पोहत पलीकडे पळून जाईल म्हणून शाळेतले बास्केटबॉल मोजून कुलपात ठेवायचे, आठवतं ना?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी. आता तिकडे तैवानात लोकांचा धीर संपलाय. माझाही संपलाय." वेनहायांचा आवाज चढला. "आपलं राज्य आपण चालवतो, मतं देतो, सरकारं पाडतो, आणि जगात स्वतःचं नाव घ्यायची चोरी! किती वर्षं? एकदाचं जाहीर करून टाकावं की आम्ही वेगळे आहोत. होऊ दे काय व्हायचं ते."

"होऊ दे काय व्हायचं ते, पण ते किनमेनला होऊ दे. असंच ना? तू तायचुंगच्या गच्चीवरून जाहीर करणार आणि गोळा आमच्या न्हाणीघरात पडणार."

"अगं म्हणूनच तर न्यायला आलोय!"

"मला कुठं न्यायला आलायस? माझं तिकीट दाखव बघू."

वेनशान इतका वेळ दारात बसून जाळं दुरुस्त करत होता. तो बोलत नाही, आणि बोलला की यानपिंगला वाटतं, बोलला नसता तर बरं झालं असतं. मान वर न करता त्यानं विचारलं, "दादा, तुमच्या त्या नव्या देशाच्या नकाशात आपलं बेट असणार का?"

शियामेन इथून बोटीनं अर्धा तास, तैवान विमानानं तास. वेनहाय शहाणे होते. खोटं बोलले नाहीत. "मला माहीत नाही," म्हणाले.

लीचूनं पुढचा घाणा तेलात सोडला. यानपिंगला वाटलं, टळलं. पण लीचूच पहिल्यांदा फिरली. "एक मात्र आहे हं," झारा निथळत ती म्हणाली. "बाबांच्या हृदयाच्या गोळ्या. परवा बोट नाही, विमान उशिरा. दोनच गोळ्या उरल्या होत्या. माझा जीव टांगणीला लागला होता. बाबांना नेतोस तर ने बाबा. भांडं राहू दे."

"भांड्याशिवाय बाबा येतील?"

"नाही येणार," वेनशान म्हणाला. आणि थोडं थांबून, जाळ्याकडे बघत, "मग... दोन्ही ने. मी अडवत नाही, दादा. मला रात्र रात्र झोप लागत नाही. बाबांना उचलून तळघरात कसं न्यायचं, तेच मनात येत राहतं."

यानपिंगनं नवऱ्याकडे पाहिलं. हे तो तिला कधी बोलला नव्हता. तिला त्याची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदमच. "म्हणजे ठरलंच तुमचं तिघांचं," ती म्हणाली.

"यानपिंग, तू मनाला लावून घेऊ नकोस." वेनहाय आता तिच्याकडे वळले, आणि वळायला नको होतं. "पण समज, उद्या ते लोक उतरलेच. तर या पितरांपाशी घरात कोण असणार? तुझा भाऊ तिकडच्या राखीव फौजेत आहे. लोक उद्या काय म्हणतील..."

"होता," यानपिंग म्हणाली. "गुडघा गेल्यावर काढून टाकला त्याला फौजेनं. आता तो चपलांच्या कारखान्यात तळवे चिकटवतो. तुमच्या पायातले कदाचित त्यानंच चिकटवलेले असतील."

लीचू फिसकन हसली. यानपिंगला हसू आलं नाही. हातातली कालवं फोडायची टोचणी तिनं खाली ठेवली. बावीस वर्षं! सासूचं शेवटचं दुखणं तिनं काढलं, या घराच्या कालवांच्या मीठपाण्यानं हातांची सालटं निघाली, आणि भाऊजींच्या लेखी ती अजून पलीकडचीच. रडू आलं तर ते चुलीच्या धुरानं आलं असं म्हणायचं तिनं ठरवून ठेवलं होतं. पण घरात गॅस होता.

म्हातारबांनी हात पुसले, बशीतलं यंत्र उचललं आणि कानात बसवलं. "झालं मला वाटून?" त्यांनी विचारलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं की काय, कोण जाणे. "ताटं मांडा. ज्यांना न्यायचंय त्यांना आधी विचारू."

जेवण मांडलं. कोंबडी, वाफवलेला मासा, शेवया, अळकुड्यांची भाजी, ज्वारीच्या दारूचे छोटे पेले, आणि काकांच्या पाटीसमोर तळलेल्या कालवांची वेगळी बशी. पितळी भांड्यात उदबत्त्या लागल्या. डब्यात नाही. म्हातारबांनी कौलाचे दोन लाकडी तुकडे थोरल्याच्या हातात दिले. एका अंगानं सपाट, दुसऱ्या अंगानं फुगीर. एक सपाट, एक फुगीर पडला तर हो. दोन्ही फुगीर, तर नाही. दोन्ही सपाट पडले तर पितर हसतायत, प्रश्न नीट विचारा. एवढ्या मोठ्या गोष्टीला सलग तीन हो लागतात.

वेनहाय गुडघ्यांवर बसले. "पणजोबा, आजोबा, आजी, सगळे. माझ्याकडे तायचुंगला येता का? बारावा मजला आहे. लिफ्ट आहे."

तुकडे फरशीवर खडखडले. दोन्ही फुगीर.

"आजी लिफ्टला घाबरत असेल," लीचू पुटपुटली.

"दरवर्षी चिंगमिंगच्या सणाला थडगी झाडायला तुम्हाला परत घेऊन येईन. शब्द देतो. आता येता का?"

दोन्ही सपाट. लीचूनं तोंडाला पदर लावावा तसा ॲप्रन लावला.

वेनहायांच्या कपाळावर घाम आला होता. ते इंजिनिअर, एक रीत चालली नाही तर दुसरी, असा त्यांचा स्वभाव. पाट्यांवरून फिरत त्यांची नजर त्या दुधाच्या डब्यावर थांबली. "थोरल्या काकांना इथेच ठेवतो," ते सावकाश म्हणाले. "ते तसेही तिकडचेच झाले होते. तुम्ही बाकीचे सगळे येता का?"

एक सपाट. एक फुगीर. हो.

त्यांनी पुन्हा टाकले. हो.

एकच उरला. तीनच्या विमानाला वेळ होता, खड्डा कापून तयार होता.

"थांब," म्हातारबा म्हणाले. "तिसरा यानपिंग लावेल."

"ती? बाबा, पण मी..."

"तुझा आवाज ते वर्षातून एकदा ऐकतात. हिचा रोज दोन वेळा ऐकतात. ओळखीच्या माणसानं विचारलेलं बरं."

तुकडे तिच्या हातात आले तेव्हा कोमट होते. ती बसली. ओठ उघडले, पण 'काकांना इथेच ठेवतो' हे शब्द काही केल्या बाहेर पडेनात. काकांच्या शेवटच्या महिन्यात ती तिकडे माहेरी जाऊन त्यांच्या उशाशी होती. पाणी पाजलं होतं, अंग पुसलं होतं. आणि त्यांनी तिला शपथ घातली होती.

"मामंजी, मला नाही विचारता येत," ती म्हणाली. "आधी तुम्हाला एक सांगायला हवं. काकांनी सांगू नकोस म्हटलं होतं." तिनं तुकडे मांडीत घट्ट धरले. "अठ्ठावनच्या लढाईत काका समोरच्या किनाऱ्यावर होते. तोफांपाशी. गावातल्या सगळ्या तरण्या माणसांना धरून नेलं होतं गोळे वाहायला. त्यांनी वाहिले. खांद्यावरून, चव्वेचाळीस दिवस. आपलं बेट त्यांना तिथून दिसायचं. हे सांगताना ते लहान मुलासारखे रडले, मामंजी. म्हणाले, माझी पाटी बघून मी हसलो खरा, पण आईनं ती चुकून केली नव्हती."

समुद्रावर पुन्हा गडगडलं, या वेळी जवळून, आणि पेल्यांमधली दारू थरथरली.

"ठाऊक आहे," म्हातारबा म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"त्यानं सांगितलं नाही. आईनं ताडलं होतं. आम्ही तळघरात होतो, मी अठरा वर्षांचा. वरती सगळं कोसळत होतं, आणि आई विटांमधल्या उजेडाच्या भोकापाशी बसून फळीवर त्याचं नाव लिहून घेत होती. मी म्हटलं, आई, तो जिवंत असेल. ती म्हणाली, जिवंत असेल तर या घटकेला तो तिथं काय करत असेल, सांग मला. मला सांगता आलं नाही. म्हणाली, त्यापेक्षा मेलेला बरा." म्हातारबांनी हनुवटी पुसली. "पुढं गोळे एक दिवसाआड यायला लागले. सम तारखेला शांत, विषम तारखेला मारा. वीस वर्षं चाललं ते. विषम तारीख आली की आई त्याला उदबत्ती लावायची नाही. विचारलं तर म्हणायची, आज तो कामावर आहे."

बावीस वर्षं यानपिंग कॅलेंडर बघून डबा रिकामा ठेवत होती. कशासाठी, ते तिला आज कळत होतं.

"गोळे थांबले तरी आईनं नियम मोडला नाही. ती गेल्यावर आम्हीही नाही मोडला. तो जिवंत परत आला, जेवला, गेला, तरी नाही. मोडायचा म्हणजे आधी बोलायला लागलं असतं."

यानपिंगनं कौलाचे तुकडे टेबलावर ठेवले. पुडक्यातून एक उदबत्ती काढली आणि सासऱ्यांकडे पाहिलं. ती काडेपेटी शोधायला वळली तर समोर एक हात आला. वेनहायांचा. लायटर त्यांनी पेटवूनच धरला होता.

"मी त्यांना तिकडचे म्हटलं," ते म्हणाले. "आणि तुलाही."

तिनं उदबत्ती पेटवली, डब्यातल्या राखेत उभी केली. "काका," ती रोजच्या आवाजात म्हणाली, "गरम आहे तोवर घ्या."

तिसऱ्या कौलाचं नाव मग कोणी काढलं नाही. सगळे भिंतीला टेकून बसले. दोन वाजले. ताटं आवरण्याआधी विचारायचं असतं. पितर जेवत असताना ताट ओढत नाहीत. यानपिंगनं तुकडे उचलले. "जेवण झालं का?"

दोन्ही फुगीर. नाही.

पाव तासानं पुन्हा विचारलं. नाही.

अडीचला पुन्हा. नाहीच.

"दादा, विमानतळाला निघायचं तर आता निघायला हवं," वेनशान हळूच म्हणाला.

"ताटावरून उठवायचं त्यांना?" लीचूचे डोळे लाल होते. "इतक्या विषम तारखांचा उपास आहे. अर्ध्या तासात कसा फिटेल?"

म्हातारबांनी कानातलं यंत्र काढलं, बशीत ठेवलं आणि खुर्चीत मागे रेलले. "सावकाश जेवू दे," ते म्हणाले. "आज सुटी आहे त्याला."

वेनहायांनी घड्याळाकडे पाहिलं. मग ते खोकं झाकण लावून ओढलं आणि त्याच्यावरच बसले. तीनचं विमान छपरावरून गेलं तेव्हा यानपिंग पुन्हा एकदा विचारत होती.